माफीनाम्यावरची सही

कल्याण,
रविवार, ३ फेब्रुवारी १९५२

तीर्थरूप दादास,

सरोजचा वाकून नमस्कार. तुझ्या घराचं कुलूप शाबूत आहे, तुळशीला शेजारच्या रंगूबाई रोज पाणी घालतात. मालनवहिनींचा खोकला थांबला का?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू सासुरवाडीला ठाण्याला निघून गेलास. तू माझ्याशी बोलणार नाहीस, पण पत्र वाचल्याशिवाय फाडणारही नाहीस, असं धरून लिहिते.

आधी मतदानाचं सांगू दे, मला राहवत नाही! मी शहाडच्या केंद्रावर होते. केंद्र उघडायच्या आत बायकांची रांग शाळेच्या आवाराबाहेर गेलेली. तुझ्या पक्षाच्या, माझ्या पक्षाच्या, कुणाच्याच नसलेल्या. वीटभट्टीवर काम करणारी शेवंती टेबलापुढे आली. कारकुनाने नाव विचारलं. पुरुषांच्या रांगेतून तिचा नवरा ओरडला, "गुणाजीची बायको, लिवा!" ती गर्रकन वळली. "नाव मला इचारलंय," म्हणाली, आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "शेवंती!" दादा, अंगावर काटा आला. तिनं मत कुणाच्या पेटीत टाकलं कोण जाणे. त्या वेळी मला त्याचं काही वाटलंच नाही. आपल्या देशात हे घडतंय आणि आपण दोघं ते बघायला जिवंत आहोत, एवढंच मनात आलं. तू शेजारी असायला हवा होतास.

दौलतराव सहाशे बारा मतांनी निवडून आले. तुझ्याविरुद्ध. मी गुलालात न्हाले, खोटं कशाला सांगू? दोन दिवस केसांतून लाल पाणी निघत होतं. मी शिकवते त्या वर्गातल्या मुली हसत होत्या.

आता जे लिहायला बसले ते.

माफीनाम्याची गोष्ट आमच्या प्रचारातल्या महिपतला मी सांगितली. डिसेंबरात पत्रकं वाटताना तो म्हणाला, "तुमचे बंधू बेचाळीसच्या तुरुंगवासावर मतं मागतायत, आम्ही काय दाखवायचं?" मी तावातावानं बोलून गेले, "चार महिन्यांत माफी लिहून सुटलाय तो!" का लिहिलीस, ते सांगितलं नाही. आठवड्याभरानं बाजारातल्या सभेत त्यानं तुला 'माफी मागून घरी पळालेला देशभक्त' म्हटलं. लोक खदाखदा हसले. दौलतरावही हसले. मी व्यासपीठावर होते. गर्दीच्या टोकाला उभा राहून तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी मांडीवरच्या पत्रकांकडे बघत बसले.

मी सोळा वर्षांची होते, आईला जाऊन वर्ष झालं होतं. विषमज्वरात मी घरी एकटी पडले होते. रंगूबाईंनी तुला तुरुंगात निरोप धाडला, 'पोर जगत नाही.' शुद्धीवर आले तेव्हा उशाशी तू होतास. हे सगळं माहीत असून मी गप्प बसले.

काल संध्याकाळी त्याच बाजारात विजयाची सभा झाली. महिला शाखेची चिटणीस म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी हे सगळं सांगितलं, दादा. महिपत मागून कुजबुजला, "खाली बसा सरोजताई, जिंकलोय आपण!" मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय." मागे न बघता बोलत राहिले.

दौलतरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे मतदानाआधी का नाही सांगितलंत?"

"आपण हरू, अशी भीती वाटली."

मग त्यांनी गळ्यातला हार काढून ठेवला. "मतं आता मला परत करता येत नाहीत," ते म्हणाले. "पण हरिहरपंतांच्या नावावर मी हसलो होतो. त्याची माफी मागतो." मागच्या बाजूला तुझ्या पक्षाची पोरं उभी होती. पहिली टाळी तिथून आली!

आणखी ऐक. शहाडच्या नदीपलीकडच्या बायकांसाठी प्रसूतिगृह हवं, हे तुझ्याही जाहीरनाम्यात होतं, आमच्याही. दौलतराव समिती काढतायत, पाच तुमचे, पाच आमचे. अध्यक्ष तू व्हावंस असं त्यांनी सभेतच सांगितलं. येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्या शाळेत पहिली बैठक आहे. ये. माझ्यासाठी नको, त्या बायकांसाठी ये. मला बहीण म्हणू नकोस हवं तर, नुसतं सभासद म्हण.

चिटणीसपद मी सोडलं. महिपत बोलत नाही. तरी आज सकाळपासून सारखं गाणं म्हणावंसं वाटतंय, याचीच लाज वाटते.

उशिरा बोललेली,
सरोज

ठाणे,
५ फेब्रुवारी १९५२

चि. सरोज,

आशीर्वाद. पत्र पोचलं. वहिनी बरी आहे. तिनं ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि शेवंतीपाशी आल्यावर पुन्हा वाचायला लावलं. मतदानाच्या दिवशी मी रांगेतल्या माझ्या मतदारांचे चेहरे बघत बसलो होतो, आणि मला तसं काही दिसलं नाही, याचं वाईट वाटलं.

महिपत बोलला त्या सभेत मी तुझ्यावर रागावलो, असं तुला वाटलं. रागावलो होतोच. पण 'पळालेला' हा शब्द लागला तो निराळ्या कारणानं.

तू शनिवारी सांगितलंस ते निम्मं खरं आहे. रंगूबाईंचा निरोप आला, त्याच्या चार दिवस आधी मी माफीनाम्याचा कागद मागून घेतला होता. अंथरुणाखाली घडी करून ठेवला होता. मला तुरुंग सोसत नव्हता, सरोज. मी घाबरलो होतो. मग तुझ्या तापाची बातमी आली आणि मी सही केली. दहा वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो, बहिणीसाठी सुटलो. तू आजारी नसतीस तरी मी सही केली असती का? खरंच माहीत नाही. ते न सांगता मी त्या चार महिन्यांवर मतं मागत फिरलो, हे मात्र माहीत आहे.

दौलतरावांना कळव, समितीत येतो. पाच-पाच माणसं घेतली ते उत्तम, पण नदीपलीकडच्या दोन बायका वर घ्या. शेवंतीला विचार. अध्यक्ष नंतर ठरवू, आधी माझं ऐकून घ्या.

शनिवारी संध्याकाळी कल्याणला पोचतो. बाजारात त्याच जागी उभं राहून उरलेलं निम्मं मला सांगायचं आहे. माझ्या पक्षाला आवडणार नाही. भीती या वेळीही वाटेल. जवळ उभी राहा.

तुझा भाऊ,
हरिहर