छापण्याआधी ठकीला दाखवणे

मी, एका साप्ताहिकाचा मालक, संपादक आणि बरेचदा झाडूवालाही, वय एकाहत्तर, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही. एका डॉक्टराविरुद्ध छापल्यापासून बाकीचे मला खोकल्याचं औषधही हात आखडून देतात.

१. छपाईयंत्र, खिळ्यांच्या पेट्या आणि उरलेला कागद माझ्या जुळाऱ्याला द्यावा. तीस वर्षं त्यानं माझा अंक खिळा खिळा जुळवला. माझं अक्षर लागणारा जगात तो एकटाच आहे.

२. दोन खोल्यांचं घर माझ्या धाकट्या बहिणीला, ठकीला. मागच्या खोलीतल्या तिच्या शिवणयंत्राला मी दर महिन्याला तेल घालतो. ती बावीस वर्षांत आलेली नाही.

कारण इथेच नोंदवतो. त्या डॉक्टरानं तिला न सांगता शस्त्रक्रिया केली आणि त्यामुळे तिला पुढे कधीच मूल होणार नव्हतं. सासरी कुणाला पत्ता नव्हता. तिनं फक्त मला पत्र लिहिलं. आणखी दोघींचं तसंच झाल्याचं कळल्यावर मी ते पत्र छापलं. नाव काढलं, पण ‘पुलाजवळ शिवणकाम करते’ एवढं राहिलं. डॉक्टरानं अब्रुनुकसानीचा दावा लावला. भर कोर्टात ठकीला ते पत्र मोठ्यानं वाचावं लागलं, नवरा मागच्या बाकावर असताना. मजकूर खरा ठरला, मी सुटलो, दवाखान्याला टाळं लागलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ती म्हणाली, “दादा, एकदा विचारायचंस तरी.”

“अगं, छापण्याआधी आपण कुणालाच दाखवत नाही. नियम आहे.”

“मी ‘कुणी’ आहे का रे?”

नियम मला आजही बरोबर वाटतो. डॉक्टराला आधी दाखवलं असतं तर चौथीही बाई फसली असती. पण ठकीला विचारायला हवं होतं.

३. मूळ पत्र लोखंडी कपाटात आहे. ते तिचं, तिला परत करावं. त्यातली शेवटची ओळ, “दादा, हे फक्त तुला,” मी जागेअभावी गाळली होती. जागा होती.

४. डॉक्टराचे वकील शोकसभेत बोलू म्हणाले तर बोलू देऊ नये. त्यांचं कोर्टात भरपूर बोलून झालं आहे.

५. माझ्या निधनाची बातमी जुळवून तिचं प्रूफ जुळाऱ्यानं आधी ठकीकडे न्यावं, सोबत तांबडी पेन्सिल. ती खोडेल ते छापू नये. ‘मागे एक बहीण’ हे शब्द खोडले तरी वाद घालू नये. मात्र दारातूनच कागद देऊन त्यानं पळ काढू नये. बसावं आणि ती काय बोलते ते नीट ऐकावं. तिचा आवाज ऐकायला मी फार आसुसलो आहे.

ऐकलेलं कुठेही छापू नये.

सही: ठकीचा दादा
आमच्यादेखत सही केली: १. वकीलबाई २. शेजारचे चष्मेवाले
स्थळ: छापखान्यातलं टेबल
दिनांक: चार मार्च, अंक निघाल्यावर