डाव्या बाजूची फळी

८ नोव्हेंबर १९४३, सोमवार

पुन्हा फाटकाच्या खांबाला गाडी! महिन्यात ही दुसरी वेळ. डावीकडचं मडगार्ड पार चेपलं. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत गेले, तर आमच्या डॉक्टरांची स्वारी शांतपणे खाली उतरून खांबाकडे बघतेय. जणू चूक खांबाचीच! म्हणाले, "ब्रेक धरत नाही गं. पट्टे गेलेत आतले."

बारा वर्षांची गाडी. पट्टे जायचेच. पण लढाईच्या दिवसांत नवे आणायचे कुठून? डॉक्टर म्हणून पेट्रोलची कुपनं तरी मिळतात. सुट्या भागांना कुपन नाही.

११ नोव्हेंबर, गुरुवार

आज घाटावरचा दवाखाना. दर गुरुवारी यवतेश्वराचा घाट चढून वरच्या गावात जायचं, देवळाच्या ओवरीत बसायचं. बाटल्या, पुड्या आणि रोग्यांच्या बायका सांभाळायचं काम माझं. वरच्या चार वाड्यांना हा एवढाच डॉक्टर आहे. म्हणून एकही गुरुवार चुकवत नाहीत. तापातसुद्धा गेलेत.

उतरताना माझा उजवा पाय आपोआप समोरच्या फळीवर रोवला जातो. बारा वर्षांत तिथला रंग उडून टाचेएवढा खळगा पडलाय. हे हसतात— "तुझ्या ब्रेकचे पट्टे बरे टिकलेत!" हसा खुशाल. मी दाबते म्हणून गाडी थांबते, असं माझं ठाम मत आहे.

खरं म्हणजे चौतीस साली ह्यांनी मला गाडी शिकवली होती. चाक, गिअर, सगळं जमलं. ब्रेक तेवढा दबेना. दोन्ही पाय देऊन उभी राहिले तरी नाही! शेवटी कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत घालून थांबवली. सासूबाईंनी नारळ फोडला आणि तेव्हापासून माझी जागा डावीकडे. मला अजून त्याचं वाईट वाटतं. कधी बोलले नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार

ज्ञानू मिस्त्री आला. हा मिलिटरीत होता, मिसर देशात लॉऱ्या दुरुस्त करायचा. दोन बोटं तिकडेच ठेवून परत आलाय, पण उरलेल्या आठांत भलतीच कला. चाक उतरवून पट्ट्यांवर नख फिरवलं. "पातळ झाल्यात, साहेब. पर एवढंबी न्हाई. शिमग्यापत्तुर आरामात चालत्याल."

"नको. आत्ताच बदलायचे."

"मग त्यो खांब ब्रेकनं नसंल लागला."

ह्यांनी त्याला चहा विचारला. ज्ञानूला कोण सांगणार की डॉक्टरांचा विषय बदलायचा हा ठरलेला मार्ग आहे!

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाच्या पाटावर आज दुकान मांडलं होतं. एक मोटेच्या कातड्याचा तुकडा— पाणी लागलं की निसटणार, ज्ञानूनंच बाद केला. दुसरा लोणंदच्या तेलाच्या गिरणीतला सुती पट्टा, डांबर पाजलेला. दगडासारखा! ज्ञानू त्याच्यावर लट्टू. "लय दणकट! धा वर्सं बघायला नगं. दाबाय जरा जोर लागतोय, पर साहेबांच्या पायात दम हाय."

हे म्हणाले, "मऊ हवा."

"मऊ पट्टा लवकर झिजतोय, साहेब."

"झिजू दे. हलक्या पायानं धरला पाहिजे."

तासभर हेच. मी शेवटी म्हटलं, अहो, गाडी थांबवायची आहे की कुरवाळायची? हसले नाहीत. साठी जवळ आली की माणूस हट्टी होतो म्हणतात. हे तर लग्नातच तसे होते.

२४ नोव्हेंबर, बुधवार

मिरजेला जाऊन आलो, रेल्वेनं. माझ्या तंबोऱ्याची जवारी कधीची बिघडलीय, तारा झंकारतच नाहीत. कारागिराच्या दुकानात मला बसवून हे गेले— "पट्टे बघून येतो." गेले ते तीन तास! जवारी झाली, चहा दोनदा झाला, कारागिराच्या सुनेचं सगळं माहेर ऐकून झालं.

आले ते हात हलवत. पट्टे नाहीत. पण कनवटीतून निघाला काय, तर मोगऱ्याचा गजरा! अवेळी, आणि दुप्पट दामानं घेतलेला असणार. सत्तावीस वर्षांत दुसरा गजरा. मी विचारलं, कुणाचा अपराध केलात? म्हणाले, "माळ आधी." परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. मी सुकू नये म्हणून गजऱ्यावर पाणी मारत राहिले.

२९ नोव्हेंबर, सोमवार

बिराप्पा आला! माणदेशातला धनगर. दरसाल मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतो तेव्हा आमच्याकडे वाकडी वाट करतोच. ह्यांनी त्याचा मोडलेला पाय बसवला होता. त्याची बायको तानुबाई घोड्यावरचं बिऱ्हाड सोडत होती, आणि हे एकदम त्या घोड्याच्या पोटापाशी वाकले. ओझं सरकू नये म्हणून बांधतात तो तंग— बकऱ्याच्या केसांचा, बोटभर जाड, घट्ट विणलेला. अंगठ्यानं दाबून बघितला, पुन्हा बघितला. "तानुबाई, असाच बारा हात विणून देशील?"

"घोडं कुटं हाय तुमचं?"

"हे काय, उभंय."

गाडीकडे बघून ती तोंडावर पदर घेऊन हसली. "आवं डागदर, गाडीला तंग? आन् वझं कंचं बांदायचं म्हनायचं?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. थट्टाच ती. पण किती दिवसांनी केली!

५ डिसेंबर, रविवार

पट्टे बसले. आठ तुकडे, तांबटाकडून घडवून आणलेले तांब्याचे रिबिट. ज्ञानूनं प्रत्येकाचं डोकं आत बुडवलं, नाहीतर ड्रमला ओरखडे पडतात म्हणे. संध्याकाळी राजवाड्यापर्यंत फेरी मारली. काय सुरेख धरतो ब्रेक!

६ डिसेंबर, सोमवार

गाडी हलेना! चारी चाकं जागच्या जागी. ज्ञानू, बिराप्पा, मी, शेजारच्या अंबूबाई— सगळ्यांनी ढकललं. ज्ञानूनं ड्रम ठोकून ठोकून काढला आणि हुंगला. "ह्यो चिच्चुक्याचा वास हाय!"

तानुबाईनं तंगाला चिंचोक्याची खळ पाजली होती, घोंगड्याला पाजतात तशी. काल पट्टे तापले, रात्री दव पडलं, खळ चिकटली. ती बिचारी कंबरेवर हात ठेवून उभी. "खळ दिल्याबिगर माल हातातनं सोडू व्हय? डागदरांचं काम हाय म्हून दोनदा दिली!"

ज्ञानू काहीतरी मिलिटरीतलं पुटपुटला. ह्यांनी त्याला गप्प केलं आणि तानुबाईला म्हणाले, "खळ चांगलीच होती. गाडीच अडाणी." असं बोलतात तेव्हा मला फार आवडतात.

पट्टे बंबात उकळतायत. वासानं न्हाणीघरात पाय ठेववत नाही.

९ डिसेंबर, गुरुवार

पट्टे जवसाच्या तेलात भिजून पाट्याखाली दाबलेत. गाडी नाही म्हणून आज घाट नाही. हे दिवसभर खुर्चीत. वरच्या गावातला एक माणूस सात मैल चालत औषधाला आला. तो गेल्यावर म्हणाले, "गाडी गेली की हे असं."

१० डिसेंबर, शुक्रवार

माझी उजवी चप्पल सापडत नाही. कुत्र्यानंच नेली असणार!

१२ डिसेंबर, रविवार

पट्टे पुन्हा बसले. ज्ञानूनं चाकं उचलून धरली आणि ह्यांनी मला बसवलं पेडल दाबायला. मी का? "वजनाला हलकी म्हणून." ज्ञानूनं चाक गरगर फिरवलं, मी नुसता पाय टेकवला— थांबलं! ज्ञानू "वा रं गड्या!" म्हणून स्वतःलाच शाबासकी देत बसला. ह्यांचा चेहरा इतका खुलला, की पट्ट्यांसाठी एवढा आनंद मला जरा जास्तच वाटला.

१६ डिसेंबर, गुरुवार

आल्या आल्या देवापुढे दिवा लावला.

घाट उतरताना, तिसऱ्या वळणावर, डाव्या कडेनं एक म्हातारी गवताचा भारा घेऊन चाललेली. मला केव्हाची दिसत होती. हे वेग कमी करीनात. मी ओरडले, फळीवर पाय आपटला. तेव्हा ह्यांनी दाबला. ब्रेकनं धरलं. भारा मडगार्डला घासला, एवढंच. म्हातारी शिव्या देत निघून गेली. देव तिला शंभर वर्षं शिव्या द्यायला ठेवो.

मी भडकले. ब्रेक उत्तम आहे! मग? हे चाकावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "दिसली नाही."

मग सगळं सांगितलं, तिथेच, घाटात. काचबिंदू. समोरचं दिसतं, छापील अक्षर दिसतं, बाजूचं हळूहळू जातंय. डावा डोळा जास्त. मिरजेत ते तीन तास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते. गेलेलं परत येत नाही. नवा ब्रेक इतका चांगला, वाटलं अजून चारदोन गुरुवार निघतील. "चुकलं माझं," म्हणाले. ह्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

पेपर घडाघडा वाचतात म्हणून मला कधी शंका आली नाही. मी खांबावरून चेष्टा करत राहिले! रडले खूप. मग गाडी तिथेच सोडून दोघं पायी खाली आलो, ह्यांच्या डाव्या बाजूनं मी. संध्याकाळी ज्ञानूनं गाडी आणली.

घाटावरच्या माणसांचं आता काय?

२३ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ह्यांनी बॅग घेतली, गाडीपाशी गेले आणि डावीकडचं दार उघडून बसले. "चल उमा, उशीर होतोय."

उजव्या दारात माझी हरवलेली चप्पल होती. ब्रेकच्या पेडलवर लाकडाची जाड पट्टी ठोकलेली, बरोब्बर तिच्या मापाची. मी चाकामागे जाऊन बसले. हे समोर बघत म्हणाले, "ज्ञानूचा तो दगडी पट्टा तुला दबला नसता."

गाडी मीच नेली, मीच आणली; चाक, गिअर हातांना आठवत होते. सतरा रोगी. घाट उतरताना वळणावर सहज डावीकडे पाहिलं. माझ्या खळग्यात ह्यांचा पाय घट्ट रोवलेला होता.