एकतीस इंचाची ओळ

३ नोव्हेंबर १९६०, गुरुवार
पंपाची फ्रेम बसली नाही. क्रेनने तीनदा उतरवली, तीनदा उचलली. काँक्रीटमधून वर आलेल्या आठ बोल्टांपैकी चार भोकांत जातात, चार जात नाहीत. सगळे आपापले अंदाज सांगत होते. मी टेप लावला. रशियन ड्रॉइंगमध्ये अंतर ७७८ मि.मी. आहे, बोल्ट उभे आहेत ७८७ वर. नऊ मि.मी., म्हणजे आपले तीन सूत (आठ सुतांचा एक इंच). करंगळीएवढेही नाही, पण लोखंड ऐकत नाही.

काँक्रीट ओतताना बोल्ट ज्या लाकडी साच्यात धरतात तो मेश्राम मिस्त्रीने केला होता. मेश्राम तीन सूत चुकेल हे पटत नाही. वर्षभरात त्याचा अर्धा सूत इकडे-तिकडे गेलेला मी पाहिला नाही, आणि मी पाहतो.

पेत्रोविच, कारखान्याच्या या बांधकामावरचा आमचा रशियन स्पेशालिस्ट, बोल्टांभोवती एक फेरी मारून आला. टोपी काढली, पुन्हा घातली. काँक्रीट फोडावे लागणार.

४ नोव्हें., शुक्र.
साहेबांच्या खोलीत चौकशी. साहेबांचा पहिला प्रश्न मेश्रामला नाही, मला: "इसको पढ़ना आता भी है?" मेश्राम समोर उभा. म्हणाला, "आता है साहब. ठवकरजी ने सिखाया." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, येते, चांगले येते. साहेब म्हणाले, "तो फिर लापरवाही है." म्हणजे वाचता येत नसते तर अडाणी, येते तर बेपर्वा. सुटायला जागा नाही.

बाहेर आल्यावर मेश्राम म्हणाला, "गुरुजी, कागदात जे हाय तेच मी लावलं जी."

कागद म्हणजे माझे टेबल. ड्रॉइंग सगळे मि.मी. मध्ये, आपल्या मिस्त्र्यांचे हात इंच-सुतात. रशियन माप सांगणार, मिस्त्री मान हलवणार आणि आपल्या अंदाजाने लावणार, असे पहिले वर्ष गेले. मग मी टेबल केले. एक इंचापासून दहा फुटांपर्यंत, एकशेवीस ओळी, बाजूला सुताची पट्टी. कोणी सांगितले नव्हते. सहा आठवडे लागले. डिग्रीवाल्या कोणालाही करता आले असते, केले चौथी पास माणसाने. आता त्याच्या नकला आपल्याही खिशात आहेत, रशियनांच्याही. तिकडचे लोक 'तावकार' म्हणून मागतात.

मेश्रामला म्हणालो, बघतो.

६ नोव्हें., रवि.
बघितले.

बसलो होतो ते कागद बरोबर आहे हे दाखवायला. दुपारी ओट्यावर, पहिल्या ओळीपासून २५.४ मिळवत. तीस इंच, ७६२. एकतीस इंच, ७७८. बत्तीस इंच, ८१३. एका इंचाला सोळा वाढले, पुढच्याला पस्तीस. माझ्या डोळ्यांना हे दोन वर्षे दिसले नाही.

एकतीसला ७८७ पाहिजे. कच्च्या वहीत ७८७ च आहे. पक्की नक्कल करताना माझ्याच हाताने आठ आणि सात उलटे पडले. कच्चे मी तीनदा तपासले होते. पक्के एकदाही नाही. अक्षर सुंदर आले होते म्हणून.

मेश्रामने ७७८ शोधले. ते त्याला सरळ एकतीस इंचासमोर सापडले, सुताच्या पट्टीची गरजही पडली नाही. तसा साचा केला. तो बरोबर. इतके दिवस हे माप कोणाला लागले नसेल, किंवा लागले ते लाकडात, तिथे खपून गेले.

सौ. म्हणाली, "तोंड असं कावून झालं तुमचं?" म्हटले, आकड्यांमुळे. "आकडे तर तुमाले घाबरतात म्हनता. आज तुमी कावून घाबरून राहिले?" जेवायला बसलो. भाजी कसली होती आठवत नाही.

७ नोव्हें., सोम.
रशियन लोकांचा क्रांतीचा सण. क्लबात बोलावणे. आपल्यांपैकी नऊ जण होतो, मिस्त्री एकही नाही.

पेत्रोविचने उभे राहून पेला उचलला. रशियनमध्ये बोलला, अर्धे मीच हिंदीत सांगितले: मॉस्कोने मिलिमीटर पाठवला, भंडाऱ्याहून सूत आले, दोघे एकमेकांकडे पाहीनात, मग या ठवकरने मध्ये बसून लग्न लावले. सगळे हसले. स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने हिंदीत करावी लागली. इतर दिवशी मजा वाटली असती.

मग साहेब उठले. टेबल छापणार. हिंदी आणि रशियन, खाली माझे नाव. आणि चार्जमनच्या बढतीसाठी माझी शिफारस, सर्टिफिकेट नसले तरी. टाळ्या. शेजारच्या रशियन बाईंनी माझ्या ताटात आणखी एक मासा घातला.

या दिवसाची दोन वर्षे वाट पाहिली. पाय खुर्चीखाली आखडून बसलो होतो.

८ नोव्हें., मंगळ.
पेत्रोविचला सांगितले. पंपहाऊसच्या मागे नेऊन कागद दाखवला. त्याने सिगारेटच्या पाकिटावर गुणाकार केला. मग पाकीट उलटे करून पुन्हा केला.

"किसको बोला?"
"कोणाला नाही. किसी को नहीं."
"खराशो, अच्छा. मत बोलो."

त्याचे म्हणणे असे, त्याच्या मोडक्या हिंदीत आणि माझ्या मोडक्या रशियनमध्ये: एक ओळ चुकली म्हटले की लोक दुसरी विचारतील. मग या टेबलवर बसवलेला प्रत्येक बोल्ट दोन्हीकडचे लोक पुन्हा मोजणार. प्रत्येकावर सही पेत्रोविचची. त्याचे डिसेंबरात घरी जायचे ठरले आहे. त्यापेक्षा जॉइंट प्रोटोकॉल, म्हणजे दोन्हीकडच्या सहीचा अहवाल, करू: काँक्रीट ओतताना साचा सरकला. "कोई आदमी दोषी नहीं. काँक्रीट दोषी." दोन सह्या, एक त्याची, एक मोजणाऱ्याची, म्हणजे माझी.

विचारले, सरकला तर बांधला कोणी होता असे विचारतील.

तो सिगारेट पेटवत राहिला. काडी तीनदा विझली, वारा नव्हता.

१० नोव्हें., गुरु.
छपाईआधी तपासायच्या आहेत असे सांगून नकला गोळा केल्या. कोणी कारण विचारले नाही. एका रशियन वेल्डरने तर कागद हातावर पुसून दिला, तेल लागले होते म्हणून. प्रत्येकीत एकतिसावी ओळ दुरुस्त केली, त्याच शाईने, आठ-सातच्या वळणावर वळण. खाडाखोड दिसत नाही. असल्या कामातही माझे अक्षर चांगले येते.

बाकीच्या एकशे एकोणीस ओळी पुन्हा तपासल्या. एकही चूक नाही. हे आता कोणाला सांगू.

मेश्रामची नक्कल मागितली. म्हणाला, "माझी राहू द्या जी. घामानं भिजून भिजून पापडासारखी झाली, उघडली का तुटते. छापलेली आली का देईन." जास्त मागता येईना.

मेश्रामबद्दल लिहून ठेवतो. पवनीकडचा. दीक्षा घेतल्यावर वाचायला शिकायचे हे त्याने मनाशी धरले, पण सवड मिळाली इथे आल्यावर, वय पस्तीस. पहिल्यांदा पाटी घेऊन आला तेव्हा ओट्यावरच बसला. सौ. ने आत बोलावले. "इथं उजेड हाय जी," म्हणाला. मी आग्रह केला नाही. उजेड आतही होता. अक्षरे त्याला नको होती, आधी आकडे. म्हणाला, अक्षरात लोक फसवतात का नाही मले कळत नाही, आकड्यात कळंल.

१२ नोव्हें., शनि.
मेश्रामला साच्याच्या कामावरून काढले. काँक्रीट फोडणाऱ्या टोळीत घातला, त्याच पायावर. छिन्नी-हातोडा. कालपर्यंत त्याच्या हाताखाली असलेला माणूस त्याला "जरा सरका मिस्त्री" म्हणतो. मिस्त्री म्हणणे अजून सोडलेले नाही एवढेच.

साहेबांना भेटलो. म्हणाले, "प्रोटोकॉल साइन हो जाए, मामला ख़तम. उसको एक वॉर्निंग, बस." म्हणजे सही केली तर त्याच्या नावावर कायमचा शेरा. नाही केली तर चौकशी चालू, आणि तो छिन्नीवर. खरे सांगितले तर टेबल गेले, चार्जमनची जागा गेली, पेत्रोविचचे जाणे अडकले. उद्यापासून कोणी मिस्त्री रशियन मापावर विश्वास ठेवणार नाही, कोणी रशियन आपल्या कागदावर. दोन वर्षांपूर्वी होते तिथे सगळे परत.

ही शेवटची गोष्ट मी स्वतःला जास्त वेळा सांगून राहिलो. ती खरीही आहे. पण

१४ नोव्हें., सोम.
नवीन साचा. दुसरा सुतार दिला आहे, दुर्गकडचा, त्याला वाचता येत नाही. साहेबांचा हुकूम: माप ठवकर तोंडाने सांगतील. सांगितले. दोन फूट, सहा इंच, पाच सूत. छिन्न्यांच्या आवाजात ऐकू जाईना. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितले.

मेश्रामची छिन्नी थांबली. हात पँटला पुसले, खिशातून नक्कल काढली, गुडघ्यावर हळूहळू उलगडली. बोट लावून ७७८ ची ओळ शोधली. मी जागचा हललो नाही.

"गुरुजी, ह्यात तर पुरा एकतीस हाय."
"हो."
"मंग हे सहा इंच पाच सूत कोनतं?"
"ते बरोबर आहे."

त्याने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. घड्या होत्या तशा घातल्या. "बरं जी," म्हणाला आणि हातोडा उचलला. टोळीतल्या कोणाला काही सांगितले नाही. एकाने विचारलेही, "क्या हुआ मिस्त्री?" तर म्हणाला, "कुछ नहीं, काम कर."

मी सुताराला माप तिसऱ्यांदा सांगितले.

१५ नोव्हें., मंगळ.
सौ. ला सांगितले, सगळे. तिने धुणे पिळता पिळता ऐकले. म्हणाली, मेश्रामची बायको सुपेल्याच्या बाजारात भेटली होती. "आधी दुरून हाक मारे. काल वांगे निवडत राहिली, मान वर नाही केली."

"मंग सांगा ना जाऊन साहेबाले."
"सांगितलं तर नाव जाते."
"त्याचंबी नाव हाय ना?"

म्हटले, तुला यातले कळत नाही. "आकड्यातलं नाही कळत," म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

छापखान्यातून टेबलाचे पहिले प्रूफ आले. एकतीस इंच, ७८७. बरोबर. नावात मात्र ठवकरचा 'ठ' पुसट उठला आहे. खूण करून परत पाठवायला हवे. तसेच पडून आहे.

१६ नोव्हें., बुध.
पेत्रोविच प्रोटोकॉल घेऊन आला. दोन प्रती, हिंदी व रशियन. त्याच्या सह्या झालेल्या. वाचला. रशियन प्रतीत काँक्रीटची तारीख एक दिवस पुढची पडली होती. मी पेन काढले आणि दुरुस्त करून दिली. मग लक्षात आले मी काय केले. खोट्या कागदातली तारीख खरी केली.

त्याने पाकिटातून फोटो काढला. मुलगी, दोन वेण्या, समोरचे दात पडलेले. आता आले असतील, म्हणाला. तो काही मागत नव्हता. मागितले असते तर नाही म्हणायला सोपे होते.

मी विचारले, माझ्या जागी तू असतास तर?
"मैं तुम्हारी जगह नहीं. मैं मेरी जगह. बहुत है."

सही केली नाही. उद्या देतो म्हणालो. तो प्रती ठेवून गेला.

१७ नोव्हें., गुरु.
सकाळी दुसरा कागद लिहिला. हिंदीत नऊ ओळी, रशियनमध्ये तीन. 'एकतीस इंचासमोरचा आकडा चुकीचा होता. नक्कल करताना चूक माझ्या हातून झाली. मिस्त्री मेश्राम यांनी वाचले ते बरोबर वाचले.' रशियन ओळींत क्रियापद दोनदा बदलले. तीनदा तपासला, या वेळी पक्का.

प्रोटोकॉल डाव्या खिशात, हा उजव्या. दिवसभर दोन्ही घेऊन फिरलो. नवीन साचा बसवला, माप स्वतः घेतले, ७७८. पेत्रोविचने दुरून हात केला. मीही केला.

साहेबांनी चारला बोलावले. पावणेचारला पोचलो. मेश्राम आधीच बाहेरच्या बाकावर बसलेला, हात-तोंड धुतलेले, केस ओले. त्यालाही चारचीच वेळ. आत कोणाशी तरी फोनवर बोलणे चालू आहे.

"गुरुजी, आले का," म्हणाला. पुढे काही नाही. सरकला आणि बाकावर माझ्यापुरती जागा केली.

मी हे उभ्यानेच लिहीत आहे. फोन ठेवल्याचा आवाज आला. उजव्या खिशातला कागद हातात काढून ठेवला आहे.