साखरेच्या पोपटाबाबत

मी, गुलाब भिवाजी ओव्हाळ, वय ७६, धंदा पाट्या रंगवणे, राहणार नळदुर्ग, जिल्हा धाराशिव, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर डोकं ठिकाणावर असताना, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे.

१. राहतं घर माझ्या पश्चात पत्नी मथुराबाई हिचं. ती हयात असेपर्यंत मुलगा प्रसेनजित याने ते विकू नये, गहाण ठेवू नये.

२. बँकेतली ठेव दोघांत निम्मी. ब्रश आणि शिडी नंदीश पेंटरला. त्याचं अक्षर वाकडं आहे, पण गावात हाताने पाट्या रंगवणारा दुसरा उरला कोण?

३. लोखंडी पेटीतला साखरेचा पोपट कोणालाही द्यायचा नाही. जुन्या सिनेमाच्या वस्तू जमवणाऱ्या पुण्याच्या एका हौशी गृहस्थाला तो देण्याचं प्रसेनजितने कबूल केलं आहे. तो शब्द मोडावा. कारण पुढे लिहितो.

१९८३ साली हिंमतरावांच्या सिनेमाच्या तंबूत एक जुना चित्रपट लागणार होता. त्यातली आजारी मुलगी साखरेचा पोपट मागते, त्या जागी बायका हमसून रडायच्या. तसाच पोपट दारात टांगायचा म्हणून हिंमतरावांनी माझ्याकडून करून घेतला. अंग प्लास्टरचं, पोपटी रंग हरताळ नावाच्या पिवळ्या भुकटीचा आणि निळीचा, डिंकात कालवलेला. हरताळात सोमल असतं, ते विषारी, हे मला ठाऊक होतं. वार्निशने साखरेची चकाकी आली नसती, म्हणून ते न लावता वरून खऱ्या पाकाचा हात दिला आणि खिडकीत वाळत ठेवला. घरात कोणाला काही बोललो नाही. कामाचा गर्व होता.

आमची पौर्णिमा चार वर्षांची होती. संध्याकाळी येऊन म्हणाली, "आबा, पोपट लई गोड हाय." उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तेव्हाही मी पोपटाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

माझ्या आईने दहा माणसांत मथुराबाईला बोल लावला, की तुझ्या शिळ्या कढीनं पोर गेली. मी खाली मान घालून उभा होतो. खरं सांगितलं ते फक्त हिंमतरावांना. ते म्हणाले, "कुठं बोलू नका, तंबू बंद पडंल." पोपट दोन वर्षं तंबूच्या दारात टांगलेला होता, मग मी तो आणून पेटीत ठेवला.

त्या दिवसापासून या घरात कढी शिजलेली नाही. मथुराबाई दर वर्षी त्या तारखेला विचारते, "माझ्याच हातानं गेली का ओ ती?" आणि मी म्हणतो, "जाऊ दे." मी भित्रा माणूस आहे. एवढी वर्षं तिच्या हातचं जेवलो आणि तिलाच गुन्हेगार राहू दिलं.

४. पोपट फोडून विहिरीपासून, शेतापासून लांब, खोल पुरावा.

५. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक बसलेले असताना प्रसेनजितने कलम ३ मोठ्याने वाचावं. मथुराबाईला पुढे बसवावं. त्यानंतर तिने माझ्या फोटोला फूल वाहिलं नाही तर कोणी आग्रह करू नये. फोटो भिंतीवरून उतरवा म्हणाली, तर प्रसेनजित, तो तू उतरव.

सही: गुलाब भिवाजी ओव्हाळ
साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. बुद्धघोष सोपान शिंगाडे
२. बिरू मायाप्पा दूधभाते
नळदुर्ग, दि. ११ नोव्हेंबर २०२४