शुभीचं कोरं जॅकेट

शनिवार, संध्याकाळ

बेलापूरला येऊन दोन दिवस झाले, तेव्हा कुठे आजीला फोन! माझी नात शुभी आणि तिचा नवरा गोव्याहून बोटीने दीवला निघालेत. बोट मरिनात लावून आराम करतात म्हणे.

माशाचं कालवण घेऊन बोटीवर गेले. नातजावयाचं लाइफ जॅकेट मिठाने पांढरं, कडक झालेलं. शुभीचं कोरं, दुकानाची चिठ्ठीही तशीच. जावयाला विचारलं, "हिच्या जॅकेटला मीठ कसं नाही?"

शुभीच मध्ये, "आजी, धुतलं गं."

धुतलं, आणि चिठ्ठी शाबूत? मिठागरात जन्म गेला माझा, मला मीठ शिकवते! जावई खाली मान घालून काटे काढत बसला.

पोरीला पोहता येत नाही. गोव्यापासून जॅकेटशिवाय आणली की काय? ती चिठ्ठी डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या भरतीला निघणार, त्याआधी मी जेट्टीवर. उत्तर जावयाने द्यायचं. शुभीने तोंड उघडायचं नाही.