मिशी, दाढी आणि मी

४ जानेवारी
आजपासून डायरी. कारण महत्त्वाचं आहे. सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, मी पीएच.डी. करू का? मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, करच. मग पेपर खाली ठेवून पुन्हा म्हटलं, करच. (पहिलं 'करच' नीट पोचलं नसावं.) शाळेत भाषा शिकवते, लग्नाच्या आधीपासून. तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण दुकान उघडायचं होतं.
ठराव: १. पूर्ण पाठिंबा. २. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. ३. कटकट नाही.
किती नवरे असं करतात? आमच्या बाजारात तरी एकही नाही. मी विचारलं आहे.

९ जानेवारी
स्वयंपाक. भात पातेल्याला धरला. मुलगी म्हणाली, बाबा, भात भाजतात का? नववीत आहे, जीभ वकिलाची. बायकोने वरचा वरचा खाल्ला. पातेलं मात्र तिलाच घासावं लागलं, कारण माझ्या हाताला फोड.
ठराव क्रमांक दोनमध्ये दुरुस्ती: स्वयंपाकावर देखरेख माझ्याकडे.

१६ जानेवारी
बायकोचा विषय ठरला. कोणी एक जुना कादंबरीकार. मरून जमाना झाला. अकरा कादंबऱ्या लिहिल्या आणि एकही कोणी वाचत नाही. मी म्हटलं, मग वाचायच्या कशाला? म्हणाली, म्हणूनच.
त्याचा फोटो कुठल्याशा जुन्या पुस्तकातून मोठा करून आणला आणि जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. तिथे आमच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. वर मोठ्या अक्षरांत 'चष्मे व दृष्टितपासणी', खाली माझा फोन नंबर. ते आता फ्रिजच्या मागे.
माणसाला मिशी भरघोस. मी त्याचं नाव मिशी ठेवलं आहे. जेवताना बघतो आमच्याकडे.

२५ जानेवारी
आज जेवताना बायको म्हणाली, 'हे म्हणतात की माणूस स्वतःच्या घरातच पाहुणा असतो.' मी म्हटलं, मी कधी म्हटलं? म्हणाली, 'तुम्ही नव्हे, हे.' आणि भिंतीकडे बोट.
हे!
इतक्या वर्षांत या घरात 'हे' एकच होते.
मुलगी हसता हसता पाणी प्यायली, ठसका लागला. मी पाठ थोपटली. जरा जोरात.

२ फेब्रुवारी, रविवार
विचार केला, शत्रूची ताकद जाणून घ्यावी. (शत्रू हा शब्द गमतीने.) मिशीची पहिली कादंबरी हातात घेतली. पहिलं वाक्य अर्ध्या पानाचं. नायक खिडकीपाशी उभा आहे. पुढच्या पानावरही उभाच. त्याच्या पुढच्या पानावर मला झोप लागली. जागा झालो तेव्हा पुस्तक तोंडावर.
बायकोने विचारलं, कशी वाटली? मी म्हटलं, खोली आहे. म्हणाली, अगदी बरोबर, खोलीच आहे! आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.
मी खिडकी असलेल्या खोलीबद्दल बोलत होतो.

११ फेब्रुवारी
जेवताना मिशीकडे निरखून पाहिलं. व्यवसायाचा माणूस आहे मी. डावा डोळा किंचित आत वळलेला. दोन्ही डोळे एकत्र काम करत नसणार. एका बाजूचं जग सपाट दिसत असणार. हे मी बायकोला मुद्दाम सांगितलं. म्हटलं, तुझा थोर लेखक चकणा होता.
वाटलं चिडेल. ती ताडकन उठली, वही आणली. म्हणाली, म्हणूनच त्यांच्या कादंबरीत डाव्या बाजूने येणारी माणसं नेहमी अचानक येतात! संशोधनाच्या आराखड्यात एक पूर्ण परिच्छेद झाला.
म्हणजे संशोधनात माझा हातभार. मिशीचा मात्र भाव वाढला. चकणेपणासुद्धा गुण ठरला.

२० फेब्रुवारी
घरी एक दाढी आली.
तिशीतला असावा. तोही बायकोसारखा पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला बसतोय. ग्रंथालयात ओळख झाली म्हणे. विषय वेगळा पण काळ तोच, त्यामुळे पुस्तकं तीच. आता आठवड्यातून तीनदा एकत्र अभ्यास. जागा: आमचं जेवणाचं टेबल.
माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, अहो नको. वहिनींनी तुमच्याबद्दल खूप सांगितलंय म्हणाला. मी विचारलं, काय? तर त्याला चटकन आठवेना.
बोलताना डोळे बारीक करतो. बायको म्हणते, विचारात असतो. मला तर साधा नंबर वाटतो.

२२ फेब्रुवारी
दाढी आणि बायको दिवाणखान्यात हसत होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं? म्हणाले, सांगून कळणार नाही, संदर्भ लागतो.
मी ओट्यापाशी उभ्याने जेवलो. टेबलावर पुस्तकं.

२६ फेब्रुवारी
दाढीला दुकानात बोलावलं. म्हटलं, डोळे तपासून देतो, चष्माही माझ्याकडून. मोठं मन. खुर्चीत बसवलं, समोर तक्ता. तिसऱ्या ओळीत अडकला. मी काचा बदलत राहिलो, 'हे स्पष्ट की हे?' चांगलाच नंबर निघाला. इतके दिवस हा वाचत होता कसा? म्हणाला, पुस्तक नाकाशी धरून, आणि वहिनी मदत करतात.
काय मदत, ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
फ्रेम मीच निवडली. जाड, काळी. मुद्दाम जाड.

५ मार्च
दाढीचा चष्मा तयार. खणात ठेवला आहे.
त्याला फोन करून सांगितलं, लेन्स यायच्या आहेत, माल अडकलाय. हे खोटं नव्हे. माल कुठे ना कुठे अडकलेलाच असतो.
डोळ्यांनी दिसत नसेल तर अभ्यास घरी करेल. आमच्या टेबलाला जरा विश्रांती मिळेल. शेवटी परीक्षा बायकोची आहे, तिला शांतता हवी. हा सगळा पाठिंब्याचाच भाग.

९ मार्च
दाढीला दिसत नाही म्हणून आता बायको त्याला मोठ्याने वाचून दाखवते.
रोज. आठवड्यातून तीनदा नव्हे. रोज.

१२ मार्च
आज दुकान लवकर बंद केलं. सोफ्यावर बसून ऐकलं. खरं म्हणजे पाळत ठेवली. बायको वाचत होती. एका हाताने पान धरलेलं, दुसरा हात हवेत. मध्येच थांबून म्हणाली, इथे बघ, इथे तो खोटं बोलतोय आणि त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. दाढी म्हणाला, वा. मीही वा म्हटलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे वाचायला लागले.
हिचा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. शाळेतली पोरं रोज ऐकतात. मला घरी 'दूध संपलंय' ऐकू येतं.

१७ मार्च
चष्मा देऊन टाकला. म्हटलं, आला एकदाचा माल. दाढीने लावला, पहिल्यांदा रस्त्यापलीकडची पाटी वाचली, हसला. माझा हात दोन्ही हातांनी धरला.
देखणा दिसतो त्यात. फ्रेम माझी निवड. दर्जा आहे माझ्या नजरेला.
संध्याकाळी पाहतो तर वाचन चालूच. म्हटलं, आता काय? बायको म्हणाली, मोठ्याने वाचलं की डोक्यात बसतं, सवय झाली.

२ एप्रिल
भूकंप. दाढीने ग्रंथालयात शोधून काढलं की भिंतीवरचा फोटो त्या कादंबरीकाराचा नाहीच. त्याच्या प्रकाशकाचा आहे. छापताना खाली नाव चुकलं होतं. खरा कादंबरीकार गुळगुळीत दाढी केलेला, टकला, दोन्ही डोळे सरळ.
म्हणजे इतके दिवस मी एका प्रकाशकाचा हेवा करत होतो. (हेवा हा शब्द गमतीने.)
बायकोला चकणेपणाचा परिच्छेद आराखड्यातून काढावा लागला. माझा हातभार गेला. तिला काहीच वाटलं नाही. म्हणाली, तरी बरं, परीक्षेआधी कळलं. टकल्याचा फोटो लावला. तो माझ्यासारखाच दिसतो, असं मुलगी म्हणाली. बायको म्हणाली, छे.

१४ एप्रिल
प्रवेश परीक्षा. मी सोडायला गेलो. गाडीत बायकोचे ओठ हलत होते, उजळणी. फाटकापाशी दाढी उभा. दोघं बोलत बोलत आत गेली. बायको मागे वळली, हात हलवला. मीही हलवला. मग लक्षात आलं, तिची पाण्याची बाटली माझ्याकडे राहिली होती आणि हात हलवून ती तीच मागत होती.

९ मे
दोघंही पास. आता मुलाखत. विद्यापीठातल्या ज्या गाइडबाई आहेत त्यांच्याकडे एकच जागा आहे. दाढी आणि बायको दोघांचे अर्ज तिथेच.
आता मात्र ह्यांची मैत्री संपणार. मनातल्या मनात शिट्टी वाजवली.

१० मे
मैत्री संपली नाही. दोघं एकमेकांची खोटी मुलाखत घेतात. मी म्हटलं, मलाही विचारू द्या प्रश्न. दिली एक संधी. मी विचारलं, या संशोधनाचा समाजाला उपयोग काय? बायकोने इतकं चांगलं उत्तर दिलं की मला पुढचा प्रश्न सुचेना.
दाढी म्हणाला, हा प्रश्न नक्की येणार. माझ्याकडे आदराने पाहिलं. खोटं कशाला बोला, बरा आहे मुलगा.

२२ मे
मुलाखत. मी कॉरिडॉरमध्ये बाकावर. दार बंद. आतून तिचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मध्येच सगळे हसले. ती काहीतरी बोलली म्हणूनच.
तेव्हा वाटलं, नाही मिळाली जागा तर? तर सगळं पूर्वीसारखं. टेबल रिकामं, कॅलेंडर भिंतीवर, ती शाळेतून येणार, मी दुकानातून.
विचार आला आणि गेला. गेला असं लिहितो.
ती बाहेर आली. मी म्हटलं, छान झालं ना? फार मोठ्याने म्हटलं. कॉरिडॉरमधले सगळे बघायला लागले.

११ जून
जागा बायकोला. फोनवर ऐकता ऐकता ती खाली बसली, फरशीवरच. मुलीने मिठी मारली. मीही मारली, पण त्या दोघींना मारली, त्यामुळे मधे माझा हातच अडकला.
दाढीला दुसऱ्या गावच्या विद्यापीठात मिळाली. तो जाणार! किती आनंद झाला ते लिहीत नाही. डायरी असली तरी काही गोष्टी खासगी असतात.

२९ जून
दाढी निरोप घ्यायला आला. डोळे ओले. म्हणाला, दादा, तुमचा माल अडकला नसता तर मला एवढं ऐकायला मिळालं नसतं, त्या वाचनामुळेच मी मुलाखतीत तरलो. मी म्हटलं, अरे, त्यात काय.
तो गेल्यावर बायको भांडी लावत लावत म्हणाली, चष्मा तुमच्या दुकानात दोन दिवसांत होतो, हे मला माहीत नाही का?
मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, मला कोणीतरी ऐकणारं हवं होतं. तुम्हाला विचारलं होतं आधी. दुकान आहे म्हणालात.
मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मी तसं म्हटलं असेन. माझा आवाज मला माहीत आहे.
रागावलीस का, विचारलं. म्हणाली, तेव्हा रागावले होते. नंतर परीक्षा होती.

१ ऑगस्ट
विद्यापीठातला तिचा पहिला दिवस. सोडायला गेलो. संशोधकांच्या खोलीत तिला टेबल दिलंय, खिडकीजवळ. खिळखिळं आहे. म्हटलं, पायाखाली कागदाची घडी घालून देतो. ती म्हणाली, राहू द्या, मी बघते.
गाइडबाई भेटल्या. म्हणाल्या, तुमच्याबद्दल ऐकलंय मुलाखतीत. मी सावरून उभा राहिलो. तिला विचारलं होतं म्हणे, घरी कोणी तुमच्या विषयावर बोलतं का. ती म्हणाली होती, नवऱ्याला त्यात रस नाही, त्यामुळे घरी डोकं शांत राहतं. बाईंना ते फार आवडलं. मी हसलो. काहीतरी करायला हवं होतं.
दुकानात दिवसभर लक्ष नव्हतं. आता दाढी गेला. मिशी तर आमचा लेखक नव्हताच. घर रिकामं, टेबलसुद्धा. तरी छातीत तीच टोचणी, जागची हललेली नाही.
संध्याकाळी ती आली. नवा चष्मा लावून गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून पहिल्यांदा रस्त्याकडे बघतं, तसा चेहरा. मुलीला किती वेळ सांगत होती. ग्रंथालय, कोणी काय म्हटलं, खिडकीतून काय दिसतं. मी शेजारीच होतो.
मग माझ्याकडे वळली. म्हणाली, तुमचं काय आज?
मी म्हटलं, चार चष्मे, एक दुरुस्ती.
छान, म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. तेच जास्त लागलं.