साडेसहा टिंबांचा अलिफ

८ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: कुणावर हात उचलायचा नाही. आमचे सुलेखनाचे गुरू, होजा वजीही, एप्रिलमध्ये एका शिष्याला इजाजत देणार, म्हणजे स्वतःच्या लिखाणाखाली सही करायची परवानगी. नऊ वर्षं माझं खाटकाचं दुकान धुऊन, उस्कुदारचा चढ चढून त्यांच्याकडे शिकायला जातोय. यंदा मलाच.

१५ जानेवारी
होजांनी अजून पहिल्याच धड्यावर ठेवलंय. पाया पक्का करून घेतायत. फेरिदुन, तो बँकेतला किडकिडा, दोन वर्षांत शेवटच्या धड्यावर पोचला. वशिला! आज त्याने माझा अलिफ मोजला. अरबी लिपीतलं पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ, बोरूच्या सात टिंबांइतकी हवी. साडेसहाच भरली म्हणे. मेल्याला विचारलं होतं कुणी? दौत फेकली. म्हणजे हातातून निसटली. त्याच्या कपाळाला तीन टाके.

१६ जानेवारी
संकल्प उद्यापासून.

२ फेब्रुवारी
बोरू ऐकेनात. सुरा घेऊन चौदाच्या चौदा छाटले. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. ताट भिंतीवर आपटलं. जुनंच होतं.

११ मार्च
बिस्मिल्ला लिहिली, सुलुस लिपीत, दोन हात लांब. अशी झकास उतरली की खाली सहीही ठोकली: नुसरेत. महिन्याभरात इजाजत मिळणारच, मग अडलंय कुठं? दुकानात टांगलेल्या मेंढ्यांच्या वर लावली. एक गिऱ्हाईक बराच वेळ बघत राहिलं, मग खिमा बारीक करा म्हणालं. भारावलं असणार.

१४ मार्च, दुपारी
फेरिदुन दुकानात आला. सही पाहून हसला. त्याचा हात ओट्यावरच होता. मी सुऱ्याची मूठ हाणली, पातं नाही. याला संयम म्हणतात. उजवा अंगठा मोडला. त्याने डाव्या हाताने मेंढीची तंगडी उचलून माझ्या थोबाडावर घातली. दोन दात गेले. तरी जिंकलो मीच.

१५ मार्च
होजा दुकानात आले. भर गिऱ्हाइकांत कागद उतरवला आणि माझी सही जिभेने चाटून साफ केली. काजळीची शाई चुकली की आमच्यात अशीच पुसतात. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण अक्षरांना जीभ लावली नाही. म्हणजे अक्षरं पसंत आहेत!

१६ मार्च
पोलिसांची वाट बघत सकाळपासून पिशवी भरून बसलो. कुणी आलं नाही. शेवटी होजांकडे गेलो. आधी विचारलं, अक्षरं का राहू दिलीत? म्हणाले, वय झालं, एवढी शाई पोटाला सोसत नाही.

मग फेरिदुनच्या तक्रारीचं विचारलं. होजा बोरू तासत होते, मान वर केली नाही.

"करणार नाही म्हणाला. म्हणाला, माझा अंगठा दोन महिन्यांत जुळेल. नुसरेतदादाचा हात तर धडधाकट आहे, आणि तरी तो असं लिहितो. त्याला आणखी काय शिक्षा करायची?"